राहू द्या, दिला

कुठलीही गोष्ट सुरू करणं सोपं असतं, मधे रेटणं त्याहून सोपं असतं, आणि संपवणं फार त्रासाचं असतं. म्हणून सुधारलेल्या समाजात लोक शेवटाच्या जरा अलीकडे थांबतात आणि एकमेकांना चहा पाजतात.

गोल्फ हा खेळ याच तत्त्वावर उभा आहे. निदान ज्या क्लबाची ही गोष्ट आहे, तिथे तरी.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही (म्हणजे क्लबाचे बहुतेक सभासद) त्यांच्यासाठी थोडक्यात: काठीनं बॉल मारायचा, चालत जायचं, पुन्हा मारायचा, असं करत करत तो जमिनीतल्या एका छोट्याशा होलमध्ये घालायचा. कमी फटक्यांत घालेल तो जिंकला. लांबचे फटके कुणीही मारतो. बॉल झाडीत गेला तर वाऱ्याला नावं ठेवता येतात. पण होल हातभर अंतरावर आहे, खाली गालिच्यासारखी हिरवळ आहे, वारा पडलाय, सगळे गप्प उभे आहेत, आणि तिथून चुकला, तर नावं ठेवायला आपल्याशिवाय कुणी उरत नाही. भले भले तिथे उघडे पडतात.

म्हणून एक जुनी सभ्य रीत आहे. बॉल होलच्या अगदी जवळ आला की समोरचा खेळाडू म्हणतो, "राहू द्या, दिला." म्हणजे तो आत गेला असं धरायचं, उचलून खिशात टाकायचा. फक्त म्हणायचं समोरच्यानं, स्वतः नाही. एवढाच काय तो नियम.

क्लबानं ही रीत नुसती पाळली नाही, वाढवली. आधी वीतभरावरून बॉल देत. मग हातभरावरून. मग काठीभर. मग छत्रीभर (उघडी छत्री की मिटलेली, हे ठरवायला एक उपसमिती बसली, ती अजून उठलेली नाही). सध्याची पद्धत अशी:

साधा सभासद: हातभर.
समिती सदस्य: हिरवळीवर कुठूनही.
उपाध्यक्ष: हिरवळ दिसत असेल तर.
अध्यक्ष: हिरवळ कुठल्या बाजूला आहे ते ठाऊक असेल तर.

यातून खेळाचा दर्जा किती सुधारला ते वार्षिक अहवालात आहे. एकूण सभासद सहाशे चाळीस. त्यातले गोल्फ खेळणारे एकोणनव्वद. गोल्फचे बूट असणारे सहाशे अकरा. होलमध्ये बॉल पडल्याचा आवाज ऐकलेले चार, पैकी दोघांना तो आवाज कशाचा ते कळलं नाही.

हा सगळा डोलारा सांभाळायला क्लबानं एक स्पर्धा-सचिव पगारावर ठेवला होता. सगळे त्याला सेक्रेटरी म्हणत. आधी तो एका हॉटेलात हॉल सांभाळायचा, वाढदिवस, निरोप समारंभ वगैरे. त्यामुळे पाहुणे कितीही कंटाळले तरी कार्यक्रम छान झाला असं लिहायची त्याला सवय होती. क्लबात त्याला घेतलं ते याच गुणावर. पण घेतलं होतं तात्पुरतं. वार्षिक कप तक्रारीशिवाय पार पडला की कायम करू, असं अध्यक्षसाहेबांनी सांगितलं होतं, आणि कायम झाल्यावर क्लबाच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या मिळणार होत्या.

त्या दोन खोल्यांसाठी तो काहीही करायला तयार होता. त्याचा आणि बायकोचा मुक्काम सध्या मेव्हण्याकडे होता, कपड्यांना इस्त्री करायच्या खोलीत. इस्त्रीचं टेबल मिटल्याशिवाय पलंग उघडत नसे. मेव्हणा मनानं मोठा. "भाऊजी, घर तुमचंच आहे," असं रोज म्हणायचा, आणि म्हणता म्हणता पंखा बंद करून जायचा.

बायको रोज विचारायची, "कधी करणार रे कायम तुला?"

"कप होऊ दे."

"कधी होणार तो कप?"

"झालाच म्हण ना."

क्लबात राहून राहून त्याला ही भाषा लागली होती.

बिचारा राबायचा मात्र खूप. जे सभासद गोल्फ खेळत नाहीत त्यांनाही काहीतरी उपक्रम हवेत, असं समितीचं धोरण होतं. त्यानं प्रभात फेरी सुरू केली. पहिल्याच दिवशी सगळे गेटापाशी जमले, गेट बघितलं, आणि इथपर्यंत आलो म्हणजे फेरी झालीच, असं एकमतानं ठरून नाश्त्याला बसले. प्रश्नमंजूषा ठेवली. शेवटची फेरी राहू द्या म्हणून सगळ्यांना पहिला नंबर दिला. सूर्यास्तदर्शनाचा कार्यक्रम तर गाजला. सूर्य टेकडीच्या वर चांगला हातभर होता, तेवढ्यात नाश्ता समितीच्या अध्यक्षा उठल्या, "दिला" म्हणाल्या, आणि टाळ्या वाजवून मंडळी आत गेली. सूर्य नंतर एकट्यानंच मावळला. त्याची कुणी दखल घेतली नाही.

(क्लबात समित्या अकरा आहेत. सर्वांत ताकदवान नाश्ता समिती. शिस्त समितीची बैठक होत नाही, कारण तिच्या अध्यक्षांना क्लबात यायला बंदी आहे.)

तर, वार्षिक कप.

अध्यक्षसाहेबांनी हा कप सलग नऊ वर्षं जिंकला होता. आधीच्या फेऱ्या चहाच्या टेबलावरच होत. एक जण म्हणे, "साहेब, दिली मॅच," साहेब म्हणत, "अहो कशाला," आणि बिस्किटं येत. फायनल मात्र मैदानावर खेळावी लागे, कारण फोटो काढायचे असत. तीही एकाच होलची, व्हरांड्यासमोरच्या. जास्त होल खेळले तर नाश्ता गार होतो.

यंदा फायनलला साहेबांसमोर दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. बाई क्लबात नवीन. त्यांच्या आधीच्या तिन्ही प्रतिस्पर्ध्यांच्या दाढांचं काम त्यांच्याकडे अर्धवट चाललं होतं, त्यामुळे तिघांनीही हसतमुखानं मॅच देऊन टाकल्या. बाईंना वाटलं, लोक घाबरट आहेत. त्यांना क्लबाची रीत कुणी सांगितलीच नव्हती.

सांगायचं काम सेक्रेटरीचं होतं. नव्या सभासदाला सगळं समजावून सांगायचं असतं. त्यानं पार्किंग सांगितलं, टॉवेल कुठे टाकायचे ते सांगितलं, नाश्ता समितीला नमस्कार कसा करायचा तेही सांगितलं. शेवटचा एकच मुद्दा राहिला होता. तेवढ्यात त्यांना पेशंटचा फोन आला. सेक्रेटरीनं मनाशी म्हटलं, सांगितलाच म्हणून धरू.

फायनलच्या सकाळी व्हरांडा भरला. बाईंनी पाचव्या फटक्यात बॉल होलमध्ये टाकला. खरोखर टाकला. टक्कन आवाज झाला. पुढच्या रांगेतले दोघे दचकून उठले.

साहेबांचा बॉल तिसऱ्या फटक्यात हिरवळीवर आला आणि होलपासून हातभर येऊन थांबला. गेला की कप त्यांचा. चुकला की बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे आणखी एक होल.

साहेब बॉलपाशी आले. किंचित वाकले, बॉल उचलायला. आणि तसेच थांबले. शब्द आला नव्हता.

त्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. बाईंचा सगळा जन्म लोकांची वाट बघण्यात गेला होता. लोक तोंड उघडेपर्यंत त्या शांत उभ्या राहू शकत.

"मी थांबलोय," साहेब म्हणाले.

"मीही," बाई म्हणाल्या.

साहेब खोकले. व्हरांड्यातून उपाध्यक्षही खोकले. मग सगळीकडून खोकला सुरू झाला. बाईंनी पर्समधून गोळ्यांची डबी काढून जवळच्या माणसाला दिली.

सेक्रेटरी धावत गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, इथे असं म्हणायची पद्धत आहे, की राहू द्या, दिला."

"का पण? एवढंसं तर आहे. मारतील की."

"एवढंसं आहे म्हणूनच तर."

"चुकला तर?"

सेक्रेटरी वळून समितीकडे बघू लागला. हा प्रश्न क्लबात आजवर कुणी विचारलेला नव्हता.

"चुकला तर चुकला," बाईंनीच सांगून टाकलं. "मी नाही हं म्हणणार. मला खोटं खोटं बोलता येत नाही. पेशंटलासुद्धा मी सांगते, दुखणार आहे."

जागच्या जागी समितीची तातडीची बैठक भरली, हिरवळीवर, उभ्यानं. साहेबांनी बॉल मारावा, ही सूचना मांडणाऱ्याला ती मागे घ्यावी लागली. वाईट पायंडा पडला असता. शिवाय एक तांत्रिक अडचण होती. जवळून बॉल ढकलायची जी वेगळी काठी असते, ती साहेबांच्या पिशवीत नव्हतीच. लागत नाही म्हणून त्यांनी ती कधीच काढून टाकली होती, आणि त्या जागी पाठ खाजवायची काठी ठेवली होती.

साहेबांनी सेक्रेटरीला खांद्याला धरून बाजूला घेतलं.

"तुझं कायमचं काम होत आलंय बरं का. सही तेवढी राहिलीय."

"हो साहेब."

"बघ मग काहीतरी."

सेक्रेटरीच्या डोळ्यांसमोर इस्त्रीचं टेबल आलं. बंद होणारा पंखा आला. आणि त्याला ते सुचलं.

गोल्फच्या मैदानावर होल एकाच जागी ठेवत नाहीत, आजूबाजूची हिरवळ झिजते म्हणून. माळी रोज जुना होल मातीनं बुजवतो आणि नवा पाडतो. त्यासाठी दोन मुठींचं एक यंत्र असतं, ते जमिनीतून गोल तुकडा उपसून काढतं.

"यंत्र आण," सेक्रेटरी माळ्याला म्हणाला.

"अहो, सकाळीच तर पाडलाय."

"जागा बदलायची वेळ झालीय."

"मॅच चाललीय ना?"

"मॅच चालू असताना बदलू नये असं कुठे म्हटलंय?" (सगळीकडे म्हटलंय. पण नियमांचं पुस्तक क्लबात कुणी शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं.)

साहेबांच्या बॉलला अगदी खेटून सेक्रेटरीनं यंत्र रोवलं. गुडघे टेकून, घामाघूम होऊन, दोन्ही मुठी फिरवून त्यानं मातीचा गोळा वर काढला. बॉल क्षणभर काठावर डुगडुगला आणि कुणीही हात न लावता आत पडला.

टक्.

व्हरांडा उभा राहिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी टोपी काढून अभिवादन केलं. एवढा अवघड बॉल गेल्या नऊ वर्षांत पडला नव्हता, असं उपाध्यक्ष डोळे पुसत म्हणाले. ते खरंच होतं.

डॉक्टरीणबाईंनी साहेबांशी हात मिळवला. "छान," म्हणाल्या. "मंगळवारी या. दाढ राहिलीय तुमची."

मंगळवारी साहेब त्यांच्या खुर्चीत आडवे होते. तोंड सताड उघडं, त्यात कापूस, मशीन घरघरत होतं. मधेच बाईंनी ते बंद केलं.

"झालंच आहे तसं," त्या म्हणाल्या. "थोडीशी कीड उरलीय, एवढीशी. राहू द्यायची? दिली म्हणू?"

साहेबांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून मान जोरजोरात हलवली. त्यांना बोलता येत नव्हतं, पण बाईंना कळलं. त्यांनी काम शेवटपर्यंत केलं. दुखलं.

बुधवारी सेक्रेटरी साहेबांच्या केबिनमध्ये गेला. साहेबांचा गाल सुजलेला होता, आणि कप कपाटात दहाव्या जागेवर होता.

"साहेब, ते कायमचं... सही..."

"अरे!" साहेब प्रेमानं म्हणाले. "तुझी सही कसली घेऊन बसलास? तू तर आपला माणूस. राहू दे. झालास तू कायम. दिलं!"

बाहेर बसलेल्या उपाध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी घरी बायको दारातच उभी होती. "काय झालं?"

"झालो कायम."

"खरंच? सही झाली?"

"झाली असं धरायचं."

"आणि खोल्यांची किल्ली?"

"तीही धरायची."

"कुठे? हातात?"

तो बूट काढत बसला. बायकोनं त्याच्याकडे जरा वेळ बघितलं, मग भिंतीला टेकवलेलं इस्त्रीचं टेबल बघितलं. हुंदका देणार होती बहुतेक, पण तेवढ्यात आतून मेव्हणा आला.

"अभिनंदन, भाऊजी! म्हणजे आता तुम्ही इथून गेलातच म्हणायचं." त्यानं इस्त्रीचं टेबल उघडलं, पलंगाच्या जागेवर मांडलं, त्यावर शर्ट पसरला, आणि पंखा बंद केला, कपडे उडतात म्हणून.

असो. क्लब जोरात आहे. पुढच्या वर्षीपासून समिती सदस्यांसाठीही होल बॉलपाशी नेण्याची सोय होणार आहे.

आणि तुम्ही हसू नका. अकरा समित्यांचा कंस आला तेव्हा तुमची नजर तो गाळून सरळ पुढच्या ओळीवर गेली, ते आम्ही बघितलं. होल पाडायच्या यंत्राचं वर्णनही तुम्ही नीट वाचलेलं नाही. तरी उद्या कुणाला तरी सांगालच, की गोष्ट वाचली, बरी होती. सांगा. खरं म्हणजे अजून एक ओळ शिल्लक आहे, आणि सगळं म्हणणं तिच्यातच आहे, पण तुम्ही इथपर्यंत आलात हेच खूप झालं.

राहू द्या. दिली.