फोटोची मागची बाजू

माणसाच्या आठवणी घरात असतात तोवर त्यांना अडगळ म्हणतात. लोक त्या पांढरे हातमोजे घालून चाळू लागले, की तीच अडगळ कलाकृती ठरते. हा नियम थोरलीनं आईच्या पत्र्याच्या डब्याला लागू केला.

डब्यात तीनशे अकरा फोटो होते. आईनं ते चाळीस वर्षं कोरडे आणि स्वच्छ ठेवले होते. (ही त्यांतली मुख्य त्रुटी.) सबब जुनेपणा यावा म्हणून प्रथम सर्वांवर चहाच्या पाण्याचा हात फिरवण्यात आला. एकशे सात चेहरे ब्लेडनं कापून काढले, कारण थोरली या फोटोंचं जे कलापुस्तक करत होती, त्याचा विषय ‘अनुपस्थिती’ होता आणि माणसं फोटोत खुशाल हजर होती. काही कडा मेणबत्तीवर जाळल्या. घराला कधी आग लागली नव्हती. पण त्याला आता इलाज नव्हता.

उरलेले फोटो जाड कागदावर चिकटवताना बाइंडरनं विचारलं, काहींच्या मागे पेनानं लिहिलंय, त्याचं काय करू? मजकुरामुळे अर्थ मर्यादित होतो, असं थोरलीनं त्याला समजावलं. बाइंडरनं डिंक लावून अर्थ मोकळा केला आणि वर वजन ठेवलं.

आईला हे उशिरा कळलं. तिचं मागणं फार नव्हतं. सायकल धरून हसणारे बाबा, तेवढा एक फोटो सोडवून द्यावा. नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या त्या माणसानं जन्मात तिला लिहिलं ते एवढंच, त्या फोटोमागे, दोन ओळी.

"मग तुला पाठच असतील की," थोरली म्हणाली.

"पाठ आहेत गं. पण अक्षर कुठं पाठ होतं?"

थोरलीनं हे वाक्य तिथल्या तिथं टिपून घेतलं. ते आता पान सत्तेचाळीसवर आहे.

पुस्तकाच्या प्रदर्शनात आईला इतरांसारखेच हातमोजे आणि पानं चाळायला तीन मिनिटं मिळाली. पैकी दोन तिनं एक मोजा काढून, नखानं फोटोचा कोपरा उचलण्यात घालवली. देखरेखीच्या मुलीनं तिचा हात अलगद बाजूला केला.

"आजी, जपून. कुणाच्या तरी आठवणी आहेत त्या."

रांगेतल्या तिघांनी डोळे पुसले. (अभिप्रायाच्या वहीत नोंद आहे.)

आता त्या दोन ओळी कोणत्या, हे तुम्हालाही कळायला हवंय. साहजिक आहे. दुसऱ्या आवृत्तीसाठी थोरली रोज आईजवळ जाऊन बसते. आई सांगत नाही. पण तुमचीच एवढी इच्छा आहे म्हटल्यावर थोरली तरी काय करणार?