सहा वाजताची गंमत

गास्पारने ते घड्याळ रविवारी घरी कपाटात ठेवलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सासऱ्यांकडे फॉन्ड्यूचं, म्हणजे उकळत्या चीजमध्ये पाव बुडवून खायचं, जेवण होतं, आणि मनगटावर असं घड्याळ असताना बाही खाली ओढून जेवणाऱ्यांपैकी गास्पार नव्हता.

घड्याळ अर्थात त्याचं नव्हतं. (त्याच्या पगारात पट्टा आला असता, तोही अर्धा.) तो काम करायचा त्या घड्याळांच्या कारखान्याची रीतच होती की गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी प्रत्येक घड्याळ कामगारांपैकी कुणीतरी चार दिवस घालून हिंडायचं. या खेपेला पाळी गास्पारची. या घड्याळाला तासकाटा नव्हता. बारीक काचेच्या नळीतून हिरवा द्रव पुढे सरकायचा, आणि त्याचं टोक जिथे दिसेल तो तास. नळीत तो द्रव भरायचं काम गास्पार करायचा, आणि उत्तम करायचा. हे अख्ख्या त्राव्हेर खोऱ्याला मान्य होतं. फक्त सासरे अल्सीद यांना नव्हतं. त्यांनी जन्मभर काट्यांची घड्याळं केली होती.

"घड्याळात पाणी शिरलं की लोक माझ्याकडे रडत यायचे," पेल्यांमध्ये 'आबसांत' ओतता ओतता अल्सीद म्हणाले. ही हिरवी, बडीशेपेच्या वासाची दारू ते स्वतः तळघरात गाळत. "तुम्ही मात्र आधी भरता आणि मग विकता. शाबास, जावईबापू!"

"पाणी नाही बाबा, द्रव."

"हो, हो. माझ्या छपरातून गळतो तोही द्रवच."

ओदिलने टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय ठेवला. पण गास्पार आज ऐकून घ्यायला आलाच नव्हता. लग्नाला सात वर्षं झाली, सासऱ्यांच्या तोंडून एकदा तरी 'चांगलं आहे' ऐकायचं, हे तो ठरवूनच आला होता.

"सहा वाजू द्या, मग बोला. नळी आता काठोकाठ भरत आलीय ना? सहाला सगळा द्रव सरसर मागे फिरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. ती गंमत एकदा बघितलीत की काट्यांचं नाव काढणार नाही."

अल्सीदांनी पेल्यांत पाणी घातलं, आबसांत दुधासारखी पांढरी झाली. सगळ्यांनी ती संपवली. मग उकळत्या चीजचं भांडं आलं. गास्पारने डावा हात टेबलावर, घड्याळ सगळ्यांना दिसेल असा ठेवला. उजव्या हाताने तो पाव टोचलेला काटा चीजमध्ये ढवळत राहिला, आणि डोळे नळीवर. एका वेळी दोन कामं आपल्याला जमतात असा त्याचा समज होता.

"पाव पडला!" ओदिल ओरडली.

"भांडी कोण घासणार?" अल्सीद टाळी वाजवून म्हणाले. "गास्पार घासणार!" चीजमध्ये पाव घालवला की भांडी घासायची, हा त्या घरचा कायदा.

गास्पारने हार मानली नाही. भांड्याचा तळ ढवळून, बोटं भाजून, त्याने तो तुकडा वर काढला आणि विजयी मुद्रेने घड्याळाकडे पाहिलं.

नळी रिकामी होती. आणि मनगटाखाली, मेणकापडावर, एक हिरवा थेंब चमकत होता.

"कुणी हलू नका!" म्हणत त्याने थेंबावर पेला उपडा घातला.

"अरे, पुसून टाकते ना," ओदिल म्हणाली.

"पुसतेस? दहा वर्षांचं संशोधन आहे ते!"

"बादली आणू का?" अल्सीदांनी आपुलकीने विचारलं.

गास्पारने थेट कारखान्याच्या मालकीणबाईंना फोन लावला. मादाम रोसले पलीकडच्याच गल्लीत राहत. घरातल्या सपाता पायात आणि भिंग हातात, अशा त्या धावत आल्या. गास्पारने घडलं ते सांगितलं, अगदी निर्भयपणे. सगळा दोष काचेचा आहे हेही सांगितलं.

मादामनी पेला उचलला. थेंबाकडे पाहिलं. बोटाने त्यावर थोडं पाणी सोडलं. थेंब पांढरा झाला. मग त्यांनी बोट चाटलं.

"अल्सीद, यंदा झकास जमलीय तुमची."

"थोडी सांडली खरी ओतताना," अल्सीद म्हणाले.

"पण मादाम, नळी रिकामी झाली त्याचं काय?"

मादामनी भिंग खिशात घातलं. "गास्पार, सहा वाजून गेलेत. हे घड्याळ सहाला मागे फिरतं. तुला माहीत नव्हतं?"

"माहीत कसं नसेल?" अल्सीद म्हणाले. "त्यानेच तर आम्हाला समजावलं."

यानंतर गास्पारने स्वतःहून भांडी उचलली. घड्याळ ओलं करायचं नाही, हा कारखान्याचा नियम. म्हणून त्याने ते काढलं, तर अल्सीदांनी मनगट पुढे केलं.

कोपरापर्यंत चीजमध्ये बुडालेल्या गास्पारला स्वयंपाकघरात सासऱ्यांचा आवाज ऐकू आला. "घड्याळ चांगलं आहे हो, मादाम. आता सात वाजत आलेत, बरोबर?"

'चांगलं आहे'! सात वर्षांनी! गास्पारची छाती फुगली. त्याने नळ जोरात सोडला.

"बरोबर," मादाम म्हणाल्या. "पहिल्याच खेपेला जमलं की तुम्हाला! पुढचं घड्याळ तुम्हीच घालून हिंडाल का?"

"हिंडेन की. मी रिकामाच असतो."

एवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराखालून पाण्याचा ओघळ बाहेर आला. मादाम दचकून उठल्या.

"बसा, बसा," अल्सीद म्हणाले. "त्याच्या लक्षात आलं की तो तुम्हाला फोन करेलच."