सत्तेचाळीस नंबर

गुलाबनानांच्या हाती पंगत दिली की ओळीमागे दोन माणसं उपाशी उठलीच म्हणून समजा. शहाद्याच्या एका लग्नात खुद्द नवरदेवाचा मामा उपाशी उठला. नाना ओळीत बत्तीस पानं मांडणार, पहिल्यावर बसलेल्याला उठवणार, "हाई ओळनं नाव शे", शेवटच्यालाही उठवणार, "आठून सगळ्यासले हाक मारतंस." जेवणार तीसच!

नाना आमच्या साखर कारखान्यातले नेटवर्कवाले. शेताचे पाडावेत तसे त्यांनी कारखान्यातल्या संगणकांच्या नंबरांचे बत्तीस-बत्तीसचे पट्टे पाडलेत. प्रत्येक पट्ट्याचा पहिला आणि शेवटचा नंबर कुणालाच नाही. चेअरमनचा लॅपटॉप एकदा भलत्याच पट्ट्यात शिरला, तर उसातून रानडुक्कर हाकलावं तसा नानांनी तो हाकलला.

मी काट्यावर, म्हणजे उसाचं वजन करायला. ऐन हंगामात काट्यावर नवा संगणक आला. काटा शेतकी विभागाच्या पट्ट्यात, आणि तिथे एकच नंबर शिल्लक. सत्तेचाळीस.

"नाना, दी टाक ना."

"तो लागेल शे."

"कोणले? चार वरीस व्हयनात, रिकामाच शे!"

"लागेल शे सांगं ना! जाय, वजन कर."

बाहेर ट्रॅक्टरांची रांग म्हणाल तर गुजरातच्या हद्दीपर्यंत. मी कुणाला न विचारता हळूच सत्तेचाळीस टाकला. संगणक चालू! स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी शेतकी विभागात चहा प्यायला गेलो.

नऊच्या ठोक्याला नाना धावत आत आले. एका पायात चप्पल.

"जवाब उना! सत्तेचाळीसना जवाब उना! नंदा उनी का?"

आलं कुणीच नव्हतं; खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. नंदा नानांची मुलगी, त्याच खुर्चीवर काम करायची. आपल्या मनाने लग्न केलं, म्हणून नानांनी तिला याच खोलीत, सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "परत आठे दिसू नको." तेव्हा "बाप असावा तर असा" म्हणणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा होता. ती गेली, तिचा संगणक मोडीत गेला. तिचा सत्तेचाळीस नंबर तेवढा नानांनी ठेवला. रोज नऊला ते त्या नंबराला संगणकावरून हाक घालायचे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

मी चहा खाली ठेवला. "नाना, तो मी शे. काट्यावरून."

शिव्या येतील म्हणून मी मान खाली घातली. नाना काट्यावर आले, सत्तेचाळीस पुसला, त्याच पट्ट्यातला दुसरा नंबर टाकला.

"हाऊ मन्हा शे. वापर तू."

तेव्हापासून नानांच्या टेबलावरचा संगणक बंद आहे. रोज नऊला ते काट्यावर येतात. "भाऊ, जरा सरक." त्यांच्याच नंबरावरून सत्तेचाळीसला हाक जाते. चार वेळा. चारही वेळा काही येत नाही.

ट्रॅक्टरवाले भोंगे वाजवून कान किटवतात. मी दारात उभा राहून सांगतो, काटा बिघडलाय.