थोरली, धाकटी आणि माझी सही

बेंबळीचे दस्तगीरचाचा दुपारी दोन बॅटऱ्यांना झोपवत असत. दोघींवर ओलं पोतं घालत, आणि जवळ कुणी मोठ्यानं बोललं की ओठांवर बोट ठेवत. ट्रकची ती थोरली, जीपची ती धाकटी.

चाचा विहिरींवरच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करत. एका दुष्काळात विहिरी आटल्या आणि मोटारी बंद पडल्या. "मोटार चालंल तर जळंल, अन् जळंल तर माज्याकडं यील," असं ते हसत सांगत. हाताशी तांब्याची तार होती आणि वेळ होता. त्यांनी भली मोठी कॉइल गुंडाळली, जुन्या रेडिओंतले कंडेन्सर जोडले, आणि शिलाई मशीनच्या चाकावर करंट झरझर तोडायची-जोडायची सोय केली. करंट तुटला की कॉइल झटका देते. त्या झटक्यानं थोरलीतली वीज धाकटीत भरायची, मग धाकटीतली थोरलीत, आणि मधल्या मधे दिवा फुकट लावायचा, असा बेत.

"चाचा, धाकटी नांदती का?" रस्त्यावरून कुणीतरी ओरडे.

"थोरलीनं पोटभर जेवू घातलं तर नांदंल की!" चाचा आतून सांगत.

मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. शनिवारी शाळा सुटली की त्यांच्याकडे जाई. ते मला चपला दाराबाहेर काढायला लावत, पोतं हलकेच बाजूला करत आणि मीटर लावत. काटा सकाळपेक्षा वर आलेला असे.

"बघा. झोपून उठली की तरतरी येती. मानसासारखंच हाय."

मग आकडा वहीत लिहून वही माझ्यापुढं ढकलत. मी 'तपासले' असं लिहून सही करी.

विसावलेल्या बॅटरीचा काटा आपोआप थोडा चढतो. ती ताकद नसते. दिवा लावला की काटा पुन्हा खाली बसतो. मला हे ठाऊक होतं. एकदोनदा मी तोंड उघडलंही. "न्हाय म्हनू नका मास्तर, बघू म्हना," असं म्हणत त्यांनी चहाची बशी पुढं केली. बायको वारलेली, दोन्ही मुलं सोलापूरला गिरणीत. आठवड्यातून त्यांच्याकडे बसायला येणारा मी एकटाच होतो. आणि खरं सांगायचं तर, त्या सहीचा मान मलाही आवडत होता.

एक दिवस ती वही घेऊन चाचा सोसायटीच्या चेअरमनकडे गेले. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत दोर पुरणार नाही इतक्या खोल थोडं पाणी होतं, पण उपसायला तिथवर वीज आली नव्हती. भाड्यानं डिझेल इंजिन आणायचं घाटत होतं.

"मास्तरांनी तपासलंय म्हटल्यावर आठ दिवस थांबू," चेअरमन म्हणाले.

ते आठ दिवस बायका दोन कोसांवरून घागरी आणत राहिल्या. वर्गाच्या खिडकीतून त्यांची रांग मला दिसे. मी चेअरमनकडे गेलो नाही.

आठव्या दिवशी सकाळी सोसायटीपुढं चाचांच्या यंत्रावर जीपचा दिवा लावला. तो दिवस मावळेपर्यंत जळला, तर चाचांनी विहिरीसाठी मोठं यंत्र करायचं, असं ठरलं होतं. जेवणवेळेला दिवा तांबूस झाला, मग विझला. चाचा दोन्ही बॅटऱ्यांवर हात ठेवून उकिडवे बसून राहिले.

"आमच्या बायकांच्या माना मोडल्या आठ दिवस!" चेअरमननी वही आपटली. "मास्तर, सही तुमचीच ना?"

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत चाचा उठले.

"सही म्या मारली. मास्तर तर पयल्यापासनं न्हाय म्हनत व्हते."

"खरं का, मास्तर?"

मी होकाराची मान हलवली.

पुढं पाऊस झाला, मोटारी जळू लागल्या, पण सोसायटीची एकही मोटार चाचांकडे आली नाही. गाव त्यांना 'खोट्या सहीवाला' म्हणू लागलं. मी शनिवारी जायचं बंद केलं आणि भूमला बदली मागून घेतली.

सात वर्षांनी एका शनिवारी बेंबळीला गेलो. काय बोलायचं ते एसटीत घोकत होतो. दार उघडं होतं. चाचा पाण्याला गेले होते. कॉइल नव्हती, बॅटऱ्याही नव्हत्या. फळीवर वही मात्र होती. मी जायचं सोडल्यापासून दर शनिवारची तारीख, काट्याचा आकडा आणि सहीच्या जागी 'मास्तर आले न्हाईत' असं लिहिलेलं होतं. पुढंपुढं आकडे संपले. नुसती तारीख, आणि 'मास्तर आले न्हाईत'. पानामागून पान.

चाचा आले. मला बघून त्यांनी घागर खाली ठेवली.

"चाचा, त्या दिवशी मी..."

"चपला काडल्या न्हाईत तुमी."

मी बाहेर जाऊन चपला काढल्या. आत आलो तर चाचा वहीत त्या दिवसाची तारीख घालत होते. खाली त्यांनी लिहिलं, 'मास्तर आले.' वही माझ्यापुढं ढकलली.

"करा सही."

"कशाची, चाचा?"

"आल्याची."

मी सही केली. त्या वहीतली माझी तेवढी एकच सही खरी आहे.