दाजींनी बाटल्या पुसल्या

"हे बघा, तुम्ही काहीही करायचं नाही," पायात बूट सरकवता सरकवता तोमोएताई म्हणाल्या. "गिऱ्हाईक आलं की त्याच्या नावाचा बिल्ला शोधायचा, बाटली काढायची, पुढ्यात ठेवायची. बर्फ, पाणी, शेंगदाणे. संपलं. गप्पा मारायला जाऊ नका, तुम्हाला ते जमत नाही."

"बरं," साकुझो म्हणाले.

"आणि ओनोदेरांनी परवाच नवी बाटली फोडलीय. तिला उगाच हात लावू नका."

"बरं."

"सातच्या गाडीनं येतेच मी." एवढं बोलून तोमोएताई बहिणीच्या नातवाचं तोंड बघायला पलीकडच्या गावी निघून गेल्या, आणि उत्तर जपानमधल्या हाचिनोहे बंदरामागच्या बोळातला 'चिदोरी' नावाचा तो चिमुकला बार साकुझोंच्या गळ्यात पडला.

साकुझो मोरिवाकी हा माणूस जन्माला आला तोच मुळी दचकून. उभी हयात पोस्टात काढली, पण टपालावर शिक्का मारतानासुद्धा फार मोठा आवाज होणार नाही याची काळजी घेतली. कुत्र्यांना भीत, टेलिफोनला भीत, आणि बायकोला तर भीतच. निवृत्त झाल्यापासून ते बारच्या मागच्या स्वयंपाकघरात कपबश्या विसळत. पुढच्या बाजूला एकटं उभं राहण्याची वेळ आजवर आली नव्हती. गिऱ्हाइकं तोमोएला ताई म्हणत, त्या नात्यानं हे सगळ्यांचे दाजी.

'चिदोरी'त व्हिस्की एकच, काळ्या, गोल, बुटक्या बाटलीतली. गिऱ्हाइकानं अख्खी बाटली विकत घ्यायची आणि तिच्या गळ्यात आपल्या नावाचा लाकडी बिल्ला अडकवून ती तिथंच फळीवर ठेवून जायची. पुन्हा आलं की आपली बाटली, आपली जागा. फळीवर अशा पन्नासेक बाटल्या होत्या. व्हिस्की एकाच कारखान्यातली असली तरी चवीच्या बाबतीत कुणी कुणाला हार जात नसे. दातांचे डॉक्टर काशिवागी ती गरम पाण्यातून घेत आणि शेजाऱ्याच्या बाटलीतली जरा कडवट असते असं ठासून सांगत. हातानो मास्तर इतकं पाणी घालत की ग्लासात नुसती आठवण उरे. प्रत्येकाला आपलीच बाटली लाडकी, आणि ती परक्याच्या भरवशावर ठेवलेली. हा भरवसा गेला की बार बंद.

तर काहीही न करण्याची सक्त ताकीद मिळालेल्या साकुझोंचं लक्ष त्या बाटल्यांकडे गेलं. काउंटरवर रोज सुकी माकुळं भाजायची, त्या धुरानं बाटल्यांवर चिकट थर बसला होता. बायको येईल तेव्हा सगळं लखलखीत दिसलं तर ती कदाचित एखादा बरा शब्द बोलेल, असं त्यांच्या मनात आलं. माणसाचा घात असाच होतो. त्यांनी बाटल्या उतरवल्या. बिल्ले भिजू नयेत म्हणून काढून एका पातेल्यात ठेवले. बाटल्या साबणाच्या पाण्यानं पुसल्या, कोरड्या केल्या, रांगेत मांडल्या. मग बिल्ले अडकवायला पातेलं पुढं ओढलं आणि त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

कुणाची कुठली?

पन्नास बाटल्या, पन्नासही सारख्या. काच काळी, आत किती उरलीय तेही दिसायची सोय नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. साकुझो खाली स्टुलावर बसले. बायको काय म्हणेल हा विचार आधी आला, आणि त्याच्या मागोमाग ओनोदेरांचा.

ओनोदेरा हे मासळीबाजारातल्या लिलावाचे मुकादम. मासा तळहातावर घेतला की वजन सांगणार, आणि तराजूनं नंतर मान डोलवायची. पूर्वी ते समोरच्या 'कामोमे' बारमध्ये बसत. एके दिवशी त्यांनी आपली बाटली उचलली, तळहातावर तोलली आणि "बोटभर कमी आहे" एवढंच बोलून बाहेर पडले. त्यांच्या मागोमाग सगळा मासळीबाजार बाहेर पडला. आता 'कामोमे'च्या जागी चपला दुरुस्त करून मिळतात.

साकुझोंनी देवाचं नाव घेतलं आणि एकेक बाटली उचलून बघायला सुरुवात केली. जड लागली ती नव्यानं फोडलेली, हलकी लागली ती संपत आलेली. सगळ्यात जड वाटली तिच्या गळ्यात ओनोदेरांचा बिल्ला घातला. बाकीचे बिल्ले ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावरून आणि अंगलटीवरून वाटून टाकले. दातांच्या डॉक्टरांना ऐटबाज दिसली ती दिली. ती सगळ्यांत आधी उचलून बघितली होती, आणि तेव्हा हात इतके कापत होते की वजनाचा काही पत्ताच लागला नव्हता.

पाच वाजून गेले आणि नेमके डॉक्टर काशिवागीच पहिले आत शिरले.

"आज दाजी का? वा. आमची लाडकी आणा. तळाला थोडी असेल, आज संपवून टाकू."

साकुझोंनी ऐटबाज बाटली पुढं ठेवली. डॉक्टरांनी ती ओतण्यासाठी सवयीनं पार उपडी केली, आणि व्हिस्की भसकन ग्लासाबाहेर आली. डॉक्टर थबकले. त्यांनी बाटली कानाशी नेऊन हलवली, मग साकुझोंकडे बघितलं, मग पुन्हा बाटलीकडे. आणि ती हळूच आपल्या कोपराआड ओढून घेतली.

"गरम पाणी देऊ?" साकुझोंनी विचारलं.

"नको नको. आज अशीच बरी वाटतेय."

साकुझोंच्या सगळं लक्षात आलं. जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेली बाटली. परवा फोडलेली दुसरी कुणाची असणार? ती ओनोदेरांची होती आणि ती आता डॉक्टरांच्या कोपराआड रिकामी होत होती.

"डॉक्टर, जरा ती बाटली द्याल का? पुसायची राहिली."

"चकाचक आहे की."

"खालून पुसायची राहिली."

"खालून कोण बघतंय, दाजी?" डॉक्टर म्हणाले, आणि घाईघाईनं दुसरा ग्लास भरला. या माणसानं आयुष्यभर लोकांचे दात उपटले होते. त्याच्या हातून काही उपटून घेणं साकुझोंना शक्य नव्हतं.

त्यांनी फळीवरची ओनोदेरांच्या बिल्ल्याची बाटली हळूच काढून स्वयंपाकघरात नेली आणि चहाच्या किटलीत ओतून बघितली. निम्म्याहून थोडी जास्त, बस्स. आता एकच रस्ता होता. ते ट्रेमध्ये घालून बाटल्या आत नेऊ लागले, पुसायला नेतोय असं पुटपुटत, आणि प्रत्येकीतून थेंब थेंब किटलीत घेऊ लागले. ज्यानं पोस्टात एक तिकीट कधी घरी आणलं नाही, तो माणूस भर संध्याकाळी अख्ख्या गावाची व्हिस्की चोरत होता. घाईत एका बाटलीतून थेंबाऐवजी चांगली धारच गेली. पण थांबायला वेळ नव्हता. किटलीतली व्हिस्की ओनोदेरांच्या बाटलीत भरून, ती अगदी गळ्याशी आल्यावर त्यांनी बूच लावलं.

बाहेर आले तर हातानो मास्तर येऊन बसले होते. साकुझोंनी त्यांची बाटली दिली. मास्तरांनी ग्लास भरायला घेतला तो चमचाभर पडून धार तुटली. बाटली हलवली. काही नाही.

दुर्दैवानं धार गेली होती ती हीच.

मास्तरांनी बाटली हळूच खाली ठेवली. मग काउंटरवर वाकून अगदी हळू आवाजात म्हणाले, "दाजी, खरं सांगा. काल मी इथं आलो होतो का?"

"मला नाही ठाऊक, मास्तर. मी आत असतो."

"आलोच असणार. परवा निम्मी होती ही. मी काल आलो, निम्मी बाटली प्यायलो, घरी गेलो, आणि मला त्यातलं काही आठवत नाही." मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आमच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी छत्री विसरायचे, मग घर. बायकोला काही बोलू नका."

"मास्तर, तसं काही नसेल हो—"

"मग काय असेल? तुमच्याकडे बाटलीला कुणी हात लावतो का? तोमोएताईंच्या बारमध्ये?"

साकुझोंच्या जिभेवर सगळं आलं होतं. म्हाताऱ्याला असं घाबरवणं पाप होतं, आणि ते त्यांना मनापासून कळत होतं. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात दारावरचा पडदा बाजूला झाला आणि आत ओनोदेरा आले.

बार लहान आणि ओनोदेरा मोठे. ते बसले तेव्हा स्टुलानं कुरकुर केली. डॉक्टरांनी आपली बाटली मांडीवर घेतली.

"ताई नाहीत?"

"सातच्या गाडीनं येतेय," साकुझो म्हणाले.

"हं. ठीक आहे. बाटली आणा, दाजी."

साकुझोंनी ती दोन्ही हातांनी धरून आणली. ओनोदेरांनी ग्लासाकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी तळहात पसरला, त्यावर बाटली ठेवली आणि डोळे मिटले. मास्तर आपली बाटली विसरले, डॉक्टर आपला ग्लास विसरले, साकुझो तर श्वास घ्यायचंच विसरले. ओनोदेरांनी बाटली डाव्या हातावर घेतली. पुन्हा उजव्या. कपाळावर आठी पडली.

नेमक्या त्याच वेळी तोमोएताई दारात उभ्या राहिल्या. हातात बहिणीनं दिलेल्या सफरचंदांची पिशवी होती. समोर काय चाललंय ते बघून त्या जागच्या जागी थिजल्या.

"ताई, आलात ते बरं झालं," ओनोदेरा म्हणाले. "तुमच्या तोंडावरच बोलतो. वर्षभर मला वाटतंय की इथं माझी बाटली रात्रीतून बोटभर उतरते. मी बोललो नाही. म्हटलं, एकदा खात्री करू. आज खात्री करून बाटली उचलायची आणि स्टेशनजवळ बसायला जायचं, असं ठरवूनच आलो होतो. बाजारातल्या पोरांनाही सांगून ठेवलं होतं."

तोमोएताईंच्या ओठांचा रंग उडाला. बाजारातली माणसं गेली की 'चिदोरी'त दोन महिनेसुद्धा दिवा लागला नसता, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"आणि?" डॉक्टरांनी न राहवून विचारलं.

"आणि काय. कमी नाही. काल ठेवली त्यापेक्षा जडच लागतेय." ओनोदेरांचा आवाज एकाएकी म्हातारा झाला. त्यांनी आपला भलामोठा तळहात दिव्याखाली धरून उलटसुलट बघितला. "व्हिस्की काही वाढत नाही. म्हणजे माझा हातच गेला. वर्षभर हा हात मला खोटं सांगत होता, आणि मी त्याच्या भरवशावर लिलाव करत होतो. किती लोकांचं नुकसान केलं असेन, देव जाणे. उद्यापासून आधी तराजू." ते उठून उभे राहिले आणि तोमोएताईंपुढे कमरेत वाकले. "मनात तुम्हाला चोर म्हटलं. माफ करा. पोरांसाठी चार नव्या बाटल्या काढून ठेवा."

"अहो, असं काय करता, बसा ना तुम्ही," तोमोएताई कशाबशा म्हणाल्या. मास्तरांनी ओनोदेरांच्या पाठीवर हात ठेवला. "वयच आहे हो. माझंही आजच लक्षात आलं," ते म्हणाले, आणि दोघं एकमेकांकडे बघत दुःखी होऊन बसले. डॉक्टरांनी तेवढ्यात तिसरा ग्लास संपवला.

तोमोएताईंनी नवऱ्याचा हात धरला आणि त्याला ओढतच स्वयंपाकघरात नेलं. मधलं दार लावून घेतलं. किटलीचं झाकण उघडून वास घेतला. साकुझोंनी ओळखलं की शंभरी भरली आपली.

"तोमोए, माझ्या हातून आज फार मोठी—"

"तुम्ही काही बोलू नका. मला बोलू द्या, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही." त्यांचा आवाज कापत होता. "कधीपासून ठाऊक होतं तुम्हाला?"

साकुझोंना काहीही ठाऊक नव्हतं.

"बार आवरला की मी त्यांच्या बाटलीतली बोटभर घेते. रोज. बाकीच्या पन्नास बाटल्यांत तीच व्हिस्की आहे, कळतं मला. माझी स्वतःची बाटली आणून बघितली. चवच लागत नाही तिला. ओनोदेरांचं बूच काढताना छातीत जे धडधडतं ना, त्याची चव आहे ती. किती वेळा ठरवलं की पुरे आता. काल रात्रीही घेतली." त्यांनी पदराशिवायच्या बायका पुसतात तसे मनगटानं डोळे पुसले. "आज दारात उभी राहिले तेव्हा वाटलं, संपलं सगळं. आणि बाटली भरलेली! दुसरं कोण भरणार? इतके दिवस तुम्ही बघत होतात, एका शब्दानं बोलला नाहीत. आणि आज मी इथं नाही असं बघून, मला लाज वाटू नये म्हणून गुपचूप..."

दुसऱ्याच्या नावाचं पाकीट साकुझोंनी जन्मात फोडलं नव्हतं, आणि हे असं आयतं फोडून हातात आलेलं. खरं सांगावं तर आत्ताच्या आत्ता मरण. बाहेर मास्तर आपल्या बुद्धीच्या नावानं आणि ओनोदेरा आपल्या हाताच्या नावानं रडत बसलेले. सांगायला कुठून सुरुवात करावी तेच त्यांना सुचेना.

"बरेच दिवस झाले," ते शेवटी म्हणाले.

"बघा. आणि मी मूर्ख. मला वाटायचं, तुमचं कशाकडे लक्षच नसतं." लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तोमोएताई त्यांच्यापुढे इतक्या खाली वाकल्या. मग सफरचंदांच्या पिशवीतलं सगळ्यात मोठं सफरचंद काढून त्या त्यांच्यासाठी सोलायला बसल्या. सोलता सोलता सुरी थांबली.

"एक विचारू? बाजारात सगळे म्हणतात की दाजी ताईंना भितात. मला फार वाईट वाटतं हो. खरंच भिता का मला?"

"छे," साकुझो म्हणाले, आणि गुडघ्यांची थरथर तिला दिसू नये म्हणून मोरीच्या कठड्याला घट्ट धरून उभे राहिले.