भांग माझा, टक्कल यांचं

माणसाने आपलं डोकं वरून बघू नये. मी बघितलं, आणि तिथून सगळं सुरू झालं.

मी वीजबिलं भरून घ्यायच्या खिडकीत बसते. माझी खुर्ची बुटकी आणि खिडकी उंच, त्यामुळे समोर उभं राहणाऱ्याला माझ्या तोंडाआधी माझा भांग दिसतो. इतकी वर्षं त्याचं काही वाटलं नव्हतं. मग साहेबांनी आमच्या डोक्यांवर कॅमेरा बसवला, आणि एक दिवस त्यांच्या टेबलावरच्या पडद्यावर मला एक बाई दिसली. तिचा भांग कसला, चांगली रुळलेली पायवाट होती.

"ही बिचारी कोण हो?" मी विचारलं.

साहेब फायलीत बघत म्हणाले, "सकाळच्या तुम्ही."

त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. कंगव्यात केस आले की मोजत बसायची, आणि नाही आले की वाटायचं, संपले की काय! खिडकीत कुणी जरा जास्त वेळ थांबलं की मी मान वर करून बसायची. (मान अवघडली. तिचा डॉक्टर वेगळा.)

मी ठरवलं, घराबाहेर कुणाला पत्ता न लागू देता उपाय करायचा.

आधी जाहिरात बघून तेल मागवलं. त्यात दोन फोटो होते, 'आधी' माळरान आणि 'नंतर' जंगल. बाटली घरी आल्यावर मी ती जाहिरात कौतुकाने यांना दाखवली. हे चष्म्याच्या दुकानात फ्रेमी बसवतात, त्यामुळे दिवसभर लोकांचे कान बघतात. हे एकदाच बघून म्हणाले, "अगं, ही दोन माणसं आहेत."

"कशावरून?"

"कानांवरून. या पहिल्याच्या कानावर चष्म्याची काडी नीट बसेल. या दुसऱ्याच्या पसरट कानावर सकाळी बसवली तर दुपारी चष्मा हनुवटीवर."

यांच्या स्वतःच्या डोक्यावर बोहल्यावरच उजाडलं होतं, आता तर लख्ख ऊन आहे. पण त्याचं यांना काही नाही. आंघोळीनंतर टॉवेल एकदा फिरवला की झाले तयार. मला मात्र टॉवेल उघडून बघायची भीती वाटायची.

खात्रीचा डॉक्टर शोधायचा कुठे? तो आपण होऊन खिडकीत आला. म्हणजे डॉक्टर नाही, त्याच्यावर चिडलेला एक माणूस. तो मागच्याला सांगत होता, "मी केस लावून घ्यायला गेलो, तर ती डॉक्टरबाई म्हणते, तुम्हाला उपयोग होणार नाही, उगाच करू नका!"

माझा हात थांबला. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारी डॉक्टर! मी पत्ता विचारला. त्याने माझ्या भांगाकडे बघितलं आणि लगेच सांगितला. (ते 'लगेच' मला लागलं.)

यांना मी सोबत घेतलं आणि बजावलं, "कुणाला कळता कामा नये. मेलात तरी सांगायचं नाही."

"मेल्यावर कसा सांगेन, अगं?"

दवाखान्यात शिरलो तर समोरच्या बाकावर भोंगा! म्हणजे आमच्या ऑफिसातली टायपिस्ट. हाताला खाज सुटली म्हणून आली होती. तिला एक गोष्ट कळली की सगळ्या इमारतीला कळते, म्हणून हे नाव.

"अय्या, तुम्ही? कुणासाठी?"

मी पर्स उघडून आत उगाच काहीतरी शोधू लागले.

"माझ्यासाठी," हे म्हणाले. "म्हटलं, केस लावून घ्यावेत."

भोंग्याने यांच्या डोक्यावर नजर फिरवली. "सगळेच?"

"बसतील तेवढे."

काउंटरवरच्या मुलीनेही ते ऐकलं आणि यांचं नाव लिहिलं. मी तोंड उघडेपर्यंत मदतनिसाने यांना खुर्चीत बसवून कपाळावर जांभळी रेघ ओढलीसुद्धा. नवे केस कुठून सुरू व्हायचे त्याची ती रेघ. मनात आलं, आता यांना खरंच भूल देतात की काय!

डॉक्टरबाईंची खोली म्हणजे प्लायवूडचा आडोसा. पलीकडे भोंगा खोकली तेही स्वच्छ ऐकू आलं. म्हणजे आमचंही तिकडे ऐकू जाणार.

"बोला, काय त्रास?" डॉक्टरबाईंनी यांना विचारलं.

हे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणाले, "यांचे केस फार गळतात हो."

बाईंनी वर बघितलं. "अजून?"

"विंचरताना पुंजकेच्या पुंजके."

"हे विंचरतात?"

"सवय असते एकेकाला," हे म्हणाले.

"आणि भांग रुंद होत चाललाय. अंबाडाही पूर्वीएवढा होत नाही."

"यांचा?"

प्लायवूडपलीकडे बाक करकरला आणि जवळ सरकला.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. जांभळ्या रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी डोळ्यांनीच आडोशाकडे खूण केली, आणि खूण करता करता डोळे भरून आले. बाई उठल्या. मला बोटाने स्टूल दाखवलं, दिवा माझ्या डोक्यावर ओढला आणि भिंग घेऊन माझे केस बाजूला करता करता मोठ्याने बोलू लागल्या, "घाबरू नका, साहेब. तुमचे केस बरेच शाबूत आहेत."

"हो का!" यांना मनापासून आनंद झाला.

"फक्त भांगाजवळ विरळ झालेत. ट्रान्सप्लांटमध्ये मागचे केस काढून पुढे लावतात. तुमचे मागचेही पातळच आहेत, मग इकडचं तिकडे करून काय मिळणार? आधी रक्त तपासू. लोह कमी असेल, थायरॉईड असेल. औषधाने फरक पडू शकतो, पण वेळ लागेल. पूर्वीसारखे होतीलच असं मी म्हणणार नाही."

माझ्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. तोपर्यंत मला त्या जाहिरातीने जंगलाचंच वचन दिलं होतं. बाईंनी हळूच माझं नाव विचारून चिठ्ठी लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिरले तर सगळे हळू आवाजात बोलत होते. शिपायाने न मागता चहा आणून ठेवला. साहेब जाता जाता "धीर धरा" म्हणाले. मग भोंगा स्टूल घेऊन माझ्याजवळ आली.

"राग मानू नका हं, पण या वयात पुरुषाला केस हवेसे वाटू लागले म्हणजे जरा लक्ष ठेवा."

"छे हो, तसलं काही नाही."

"नसेल. पण तुम्हीही थोडं मनावर घ्या. भांग केवढा रुंद झालाय! किती दिवस बघतोय आम्ही. तुमच्या जिवाला लागेल म्हणून कुणी बोललं नाही. साहेबांनी तर परवा कॅमेराच भिंतीकडे वळवला."

मी वर बघितलं. खरंच, कॅमेरा भिंतीवर पहारा देत होता.

"कुठेतरी दाखवा," ती म्हणाली, "पण त्या बाईकडे नको! एवढं गुळगुळीत डोकं समोर असून म्हणते, केस बरेच शाबूत आहेत! मी या कानांनी ऐकलं. हात न दाखवताच उठून आले मी. थांबा, तुम्हाला खात्रीचं देते."

तिने पर्समधून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे उलगडला. दोन फोटो होते. केसांकडे मी बघितलंच नाही. कान लगेच ओळखले.

ती इतक्या मायेने सांगत होती की मला नाही म्हणवेना. त्यामुळे आता घरात त्या तेलाच्या दोन बाटल्या आहेत. आणि खोटं कशाला बोलू, त्या तेलाचा गुण आला. साबणाने जात नव्हती ती यांच्या कपाळावरची जांभळी रेघ एका हातात गेली.