फ्रीजवरचा घरमालक

मुलगी विद्यापीठात निघाली की आईबाप तिला काय देतात? कुणी लॅपटॉप देतं, कुणी गरम रजई देतं, हौशी असतील तर जुनी गाडी देतात. आम्ही घर दिलं! होय, अख्खं घर! दोन मजली, खाली तळघर, मागे गॅरेज, आणि तेही कॅनडातल्या सॅस्काटून शहरात, विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर!

कल्पना अर्थात माझी. गावात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं माझं दुकान आहे, त्यामुळे डोकं नेहमी तेल घातल्यासारखं चालतं. एका खोलीत आमची डॅनिका राहील, बाकीच्या दोन खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने देऊ, भाड्यातून हप्ते फिटतील, आणि पोरीची पदवी पूर्ण होईल तेव्हा घर आमचं! आमच्या पावलुक घराण्यात आजवर लोकांनी गहू पिकवला, डुकरं पाळली, पण घरमालक कुणी झालं नव्हतं. मी झालो!

मग मी काय गप्प बसतो? कॅफेत नॉर्मने विचारलं, "काय ओरेस्ट, बर्फ पडणार म्हणतात?" मी म्हटलं, "पडू दे. आम्हा घरमालकांना छपराकडे लक्ष ठेवावं लागतं बाबा!" नॉर्मने कॉफी उचलली आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला.

माझी बायको लॅरिसा म्हणाली, "आता पुरे झालं हं! रविवारी तू चर्चमध्ये फादरना विचारलंस, तुमचं घर स्वतःचं की भाड्याचं?"

"सहज विचारलं!"

"प्रवचन चालू असताना?"

एवढं सगळं होतं, पण भाडेकरूंनी मला अजून पाहिलं नव्हतं. मी येतो म्हटलं की डॅनिका म्हणायची, "बाबा, कशाला उगाच? मी बघते ना सगळं." आणि खरंच बघायची. भाडं वेळेवर, अंगण साफ, शेजाऱ्यांची तक्रार नाही. मी आपला फोनवरून मार्गदर्शन करायचो. हीटर जास्त वाढवू नका. थंडी वाजली तर दोन स्वेटर घाला. दिवे बंद करा. अंघोळीला फार पाणी सोडू नका. एवढंच. प्रेमाने!

नोव्हेंबरमध्ये मात्र मला राहवेना. एका शनिवारी लॅरिसाने होलुप्चीचा मोठा ट्रे भरला. कोबीच्या पानात भात आणि खिमा गुंडाळून तिने केलेली होलुप्ची खाल्ली की माणूस आमच्या घरचाच होतो. म्हटलं, चल, अचानक जाऊन पोरांना भेटू. घरमालक आपल्या हाताने जेवण वाढतोय, पोरं जन्मभर आठवण काढतील!

लॅरिसाला वाटेत लोकर घ्यायची होती. तिने मला घराच्या कोपऱ्यावर सोडलं आणि ट्रेसकट गाडी घेऊन दुकानाकडे वळली. मी कॉलर नीट केली, पोट आत घेतलं आणि बेल वाजवली.

दार उघडलं एका लाल केसांच्या मुलीने. ही ब्रॉनविन, नर्सिंगला आहे, हे मला फोनवरून माहीत होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती ओरडली, "आलात एकदाचे! या या, प्लंबरकाका! तळघरात पाणी तुंबलंय!"

आता कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, बाई गं, मी प्लंबर नाही. पण माझ्या डोक्यात एक भन्नाट विचार आला. थोडा वेळ प्लंबर व्हायचं, घरमालक कसा आहे म्हणून हळूच विचारायचं, पोरांनी माझं कौतुक सुरू केलं की मग जाहीर करायचं, तो मीच! काय मजा येईल!

"चला, बघतो," मी भारदस्त आवाजात म्हणालो. "बरं, मालक कसे आहेत तुमचे?"

"मालक?" ब्रॉनविन थबकली. "काका, तुम्ही मालकाचे ओळखीचे नाही ना?"

"छे! मी कशाला?"

"मग हे बघा!" तिने मला स्वयंपाकघरात नेलं आणि फ्रीजकडे बोट दाखवलं.

फ्रीजवर एक चित्र होतं. मोठ्ठं पोट, बटाट्यासारखं नाक, दाराला रंग लावायच्या ब्रशसारख्या भुवया. एका हाताने त्या माणसाने हीटरचं बटण गच्च धरलं होतं, दुसऱ्या हातात दोन स्वेटर!

"आमचा मालक! दुसऱ्या खोलीतल्या टुंडेने काढलंय. आम्ही पाहिलं नाही त्याला, पण डॅनिका फोनवर बोलते ना त्याच्याशी. ती सांगते तसं त्याने काढलं. कुठल्यातरी गावात राहतो आणि तिथून आम्हाला गोठवतो!"

मला एकदम घाम फुटला. त्या थंडगार घरात!

"म्हणजे... डॅनिकाला पण त्याचा त्रास होतो?"

"सगळ्यात जास्त तिलाच! पण काय पोरगी आहे माहितीये? मालकाशी भांडून तिने आमचे पडदे आणवले. टुंडे पहिल्यांदाच नायजेरियाहून आलाय, त्याला बर्फाचे बूट कुठले घ्यायचे ते तिने दाखवलं. मला ताप होता तेव्हा रात्रभर जागली. ती नसती ना, तर आम्ही कधीच पळालो असतो!"

इकडे माझी लाज निघत होती आणि तिकडे माझी छाती फुगत होती! पोरीचं एवढं कौतुक, आणि ही माझी पोरगी हे सांगता येईना. सांगितलं तर पोट, नाक, भुवया, सगळंच माझं ठरणार! मी टोपी खाली ओढली आणि गुपचूप तळघरात उतरलो.

म्हटलं, निदान काम तरी असं करून दाखवावं की पोरं बघत राहतील. ट्रॅक्टरचं इंजिन मी डोळे मिटून उघडतो, एका नळीची काय कथा? भिंतीजवळ जाड नळी होती, तिला एक झाकण होतं. गॅरेजमधून पाना आणला, मांडी ठोकून बसलो आणि झाकण फिरवलं. जरा घट्ट होतं. मी आणखी जोर लावला.

नेमकं त्याच वेळी वरच्या मजल्यावर टुंडे टबात बसला होता. आदल्या दिवशी तो आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर स्केटिंग करून आला होता आणि त्याचं अंग असं दुखत होतं की त्याने टब काठोकाठ भरला होता. झाकण निघालं आणि वर टुंडेने टबाचं बूच काढलं!

पुढे काय झालं ते सांगायला हवं का? धबधबाच आला! लॅव्हेंडरच्या फेसाचा जांभळा धबधबा! तोंडात फेस, कानात फेस, बुटांत फेस! "थांबव! थांबव!" मी बोंबललो. वरून टुंडेचा आनंदी आवाज आला, "वा! नळी मोकळी झाली! थँक यू, प्लंबरकाका!"

मला वर आणलं तेव्हा मी धुतलेल्या बोकडासारखा दिसत होतो. ब्रॉनविनने माझे कपडे ड्रायरमध्ये टाकले आणि आपला गुलाबी फुलाफुलांचा गाऊन मला चढवला. टुंडे ताडमाड उंच, फार गोड पोरगा. त्याने चहा दिला आणि म्हणाला, "काका, तुम्ही इतके भले माणूस! आमचा मालक तुमच्यासारखा असता तर! तो कधी आला ना, तर मी त्याला उचलून बर्फात टाकणार आहे."

"टाक," मी म्हणालो. "मी पाय धरतो त्याचे."

आणि दार उघडून डॅनिका आत आली.

पाठीवर दप्तर, नाक थंडीने लाल. तिने फुलाफुलांच्या गाऊनमधल्या बापाकडे पाहिलं. मग फ्रीजवरच्या बापाकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक! मी तिला डोळ्यांनी खुणावलं, घाबरू नकोस. एवढी दोस्तमंडळी पोरीने जमवलीय, माझ्या बोलण्याने ती तुटायला नको. जन्मभर प्लंबर राहीन, पण बोलणार नाही! खरंच ठरवलं होतं मी.

तेवढ्यात मागोमाग लॅरिसा आली, हातात तो ट्रे.

"काय मग पोरांनो!" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "मी डॅनिकाची आई! आवडलं का आमचं घर? अरे ओरेस्ट, हा गाऊन कुठला? आणि फ्रीजवर तुझा फोटो कुणी लावला?"



टुंडे सरकत सरकत फ्रीजच्या आड जाऊन उभा राहिला. ब्रॉनविन हळूच म्हणाली, "म्हणजे काका, तुम्ही स्वतःच्याच तळघरात पाणी भरलंत?"

डॅनिका रडवेली झाली. "सॉरी, बाबा. सॉरी, सगळ्यांनाच. मी मालकाची मुलगी म्हटलं असतं तर तुम्ही माझ्यासमोर मोकळेपणाने बोलला असतात का? भांडी घासायची पाळी मला लावली असती का? मला तुमच्यातलीच एक व्हायचं होतं."

"पण हे नाक?" मी म्हणालो.

"नाक टुंडेने मनाने काढलं, बाबा. आईशपथ!"

आधी हसली लॅरिसा. मग ब्रॉनविन. मग ट्रे उघडला, वाफ निघाली आणि सगळे टेबलाभोवती बसले. तिसरी होलुप्ची पोटात गेल्यावर टुंडे धीर करून म्हणाला, "काका, मालक आलेच आहेत तर दोन शब्द बोलू का?"

"बोल की!"

तो बोलायच्या आत डॅनिकाच उभी राहिली. माझ्या बाजूने नव्हे, त्यांच्या! हीटर वाढलाच पाहिजे, का, तर गोठून नळ्या फुटल्या तर खर्च मालकाचा. बर्फ काढायला नवं फावडं. खिडक्यांच्या फटी. मी एक मुद्दा काढला की तिचे दोन तयार! कायदा तोंडपाठ, आवाज शांत, आणि मध्येच, "बाबा, अजून एक होलुप्ची घे ना." मी फुलाफुलांच्या गाऊनमध्ये बसून एकेक गोष्ट कबूल करत गेलो. नव्या वॉशिंग मशीनला मी हो कधी म्हणालो ते मला अजून आठवत नाही!

परतीच्या वाटेवर लॅरिसा म्हणाली, "सगळं हरलास की रे!"

"हरलो!" मी स्टिअरिंगवर थाप मारली. "पण कुणाकडून हरलो ते पाहिलंस? कशी उभी राहिली! कशी बोलली! आणि दोस्तांसाठी बापालाही सोडलं नाही! असली पोरगी आहे का कुणाकडे अख्ख्या प्रांतात?"

मी गावापर्यंत हेच बोलत होतो. घरी पोहोचलो तर फोनवर डॅनिकाचा निरोप आलेला. 'बाबा, आज तू फार गोड वागलास. सगळे तुझ्या प्रेमात आहेत. फक्त यापुढे घरी येण्याआधी एक दिवस कळवत जा, मालकांसाठी तसा नियमच आहे.'

आणि खाली आणखी एक ओळ. 'आई कधीही आली तरी चालेल.'